हूं कुठे म्हणायचं नाही

गेल्या रविवारी मी तुम्हा दोघांना फोनवर गोष्ट सांगत होते आणि तुम्ही गप्प होतात. मी दोनदा मध्येच थांबून विचारलं, ऐकताय ना? ऐकत होतात. पण फोन बंद पडलाय, की तुम्ही कंटाळलात, की गोष्टीत रमलात, ते मला इथे बसून कळेना. फोन ठेवल्यावर एक जुना वर्ग आठवला. तेव्हाही मी अशीच गोंधळले होते, आणि एका मुलीचं त्यात बरंच काही अडकलं होतं. क्रमाने लिहिते, म्हणजे तुम्हाला नीट कळेल.

सत्तरच्या दशकातली गोष्ट. वाशीम जिल्हा तेव्हा वेगळा झाला नव्हता, आम्ही अकोला जिल्ह्यातच मोडायचो. तुमचे आजोबा मंगरूळपीरला सरकारी कचेरीत होते आणि मी तिथून एस.टी.ने पाऊण तासावरच्या एका खेड्यातल्या शाळेत इंग्रजी शिकवत होते. माझं सगळं शिक्षण नागपूरला इंग्रजीतून झालेलं. मराठी घरात बोललेली, आवडीने वाचलेली, शिकवलेली कधीच नाही. त्या वर्षी संक्रांतीनंतर मराठीच्या गुरुजींची बदली झाली आणि हेडमास्तरांनी सातवीचं मराठी माझ्याकडे दिलं. उजळणीच तर घ्यायची आहे, बाई, असं म्हणाले.

सातवीची परीक्षा मंगरूळपीरच्या केंद्रावर होत असे आणि पेपर बाहेरचे मास्तर तपासत. त्यात नापास झालेली मुलगी सहसा पुन्हा शाळेत दिसायची नाही.

उजळणीत दोन गोष्टी कच्च्या होत्या. धड्यातल्या कथेचं रसग्रहण आणि मुद्द्यांवरून गोष्ट लिहिणं. माझा स्वभाव तुम्हाला माहीत आहे. मी एका मोठ्या पुठ्ठ्यावर चौकटी आखल्या. पात्रे, स्थळ, प्रसंग, शेवट, आणि खाली पाचवी चौकट, कथेतली मनाला भिडणारी जागा. इंग्रजी कथा मी अशाच शिकले होते. मुलांनी पट्टीने रेघा मारून चौकटी सुरेख उतरवून घेतल्या. पहिल्या चार भरल्या. पाचवी सगळ्यांची कोरी.

तुम्हाला या कथेत कुठे भरून आलं, असं मी विचारलं की सगळा वर्ग एका सुरात तात्पर्य सांगायचा. प्राण्यांवर दया करावी. पुढच्या धड्यात एकही प्राणी नव्हता, तरी मागून कोणीतरी प्राण्यांवर दया करावी म्हणालंच. मी काय विचारतेय ते त्यांना कळत नव्हतं आणि ते का कळत नाही ते मला.

त्या वर्गात तिसऱ्या तरटपट्टीवर एक मुलगी बसायची. तिचे वडील एका मोठ्या शेतकऱ्याकडे सालदार होते आणि घर गावाच्या टोकाला, विहाराशेजारी. वडील मला पहिल्याच आठवड्यात एस.टी.च्या थांब्यावर भेटले होते. त्यांनी सरळ सांगितलं की पोरगी पास होत राहील तोवर ते शिकवतील, आठवीला मंगरूळपीरलाही पाठवतील. पण नापास झाली तर दुसरं वर्ष नाही. त्यांची बहीण आत्ताच म्हणत होती की या हातांना कापूस वेचणीला लावा.

गणितात मुलगी चांगली होती. सहामाहीत बुडाली ती मराठीत, आणि त्यातही गोष्टीच्या प्रश्नात. का, ते मला तिच्या वहीत दिसलं. मी फळ्यावर मुद्दे दिले होते: म्हातारी, एकच शेळी, बाजारात विकायला नेणे, गिऱ्हाईक, शेळीचे वळून पाहणे, तात्पर्य. तिने लिहिलं होतं, "एक म्हातारी होती. हूं. तिच्यापाशी एकच शेळी होती. हूं. ती शेळीले घेऊन मंगरूळच्या बाजारात निंगाली. हूं."

अशी दोन पानं. मी लाल शाईने एकेक हूं खोडला आणि दहापैकी दोन गुण दिले. दुसऱ्या आठवड्यात वेगळी गोष्ट, तेच हूं. तिला वर्गात वाचायला लावलं, तर मागच्या पट्टीवरचा एक मुलगा म्हणाला, "बाई, हिच्या गोष्टीत म्हैस बसली हाय." वर्ग हसला. मीही हसले असेन. मग मी तिला बजावलं की यापुढे एक जरी हूं दिसला तरी शून्य.

तिसऱ्या आठवड्यात हूं नव्हता. गोष्टही नव्हती. तारेत लिहावीत तशी चार वाक्यं आणि तात्पर्य. तासभर ती पेन्सिल उचलून कागदाकडे बघत बसली होती. चूक एकही नाही, म्हणून काय खोडावं तेही मला कळेना.

मधल्या सुट्टीत तिला बोलावलं. आधी ती पायाच्या अंगठ्याने जमीन उकरत राहिली, मग हळूहळू सांगायला लागली. कापूस वेचताना तिची आत्या गोष्ट सांगते. प्रत्येक बाई आपापली पात, म्हणजे कापसाची ओळ, धरून पुढे सरकत असते आणि दर वाक्याला सगळ्या हूं म्हणतात. एखादीचा हूं आला नाही तर आत्या थांबते, वळून बघते, की ती मागे राहिली का, तिला काही झालं का. हुंकारा आल्याशिवाय गोष्ट पुढे जातच नाही.

"कागद कुठं हूं म्हनते, बाई?" ती म्हणाली. "म्हून मीच लिवते."

मी तिच्या वह्या मागून घेतल्या आणि संध्याकाळच्या एस.टी.त खिडकीशी बसून त्या पुन्हा वाचल्या. या वेळी वाक्यांपेक्षा मी खोडलेले हूं बघत होते. तेव्हा लक्षात आलं की एका वाक्यापुढे लाल खूण नाही. "शेळीनं माघारी वळून पाह्यलं." त्यापुढे हूं लिहिलेलाच नव्हता. विसरली असेल, असं मला वाटलं. दुसरी गोष्ट पाहिली. तिच्यातही एक जागा तशीच.

दुसऱ्या दिवशी शेळीच्या वाक्यावर बोट ठेवून मी विचारलं, इथला हूं राहिला का?

"तिथं कोनी हूं म्हनत नाई, बाई."

"का?"

ती माझ्याकडे बघतच राहिली, एवढंही बाईंना कळत नाही म्हणून. "काहून म्हनजे? तिनं वळून पाह्यलं न."

त्या तासाला मी शेळीची गोष्ट तिला पुन्हा वाचायला लावली आणि वर्गाला सांगितलं की हूं तुम्ही म्हणा. पहिले दोन-तीन हूं हसण्यातच गेले. मग वर्ग लागला हुंकाऱ्याला, म्हैस म्हणणारा तर सगळ्यांत मोठ्याने. शेळीने वळून पाहिलं आणि वर्ग गप्प झाला. कोणी सांगितलं नव्हतं. मी पुठ्ठ्यावरच्या पाचव्या चौकटीवर छडी ठेवली आणि म्हणाले, मी विचारत होते ती जागा ही. तर एकीने विचारलं, मंग बाई, त्या खान्यात काहीच नाई लिवाचं का? आमचा तर कोराच हाय.

त्यांना आधीपासून ठाऊक होतं, की चौकट नुसतीच रिकामी राहिली होती, हे मी आजही सांगू शकत नाही.

आता प्रश्न परीक्षेचा होता. बाहेरच्या मास्तरांना हूं कसा चालणार? मी मुलीला युक्ती सांगितली. हूं मनात म्हणायचा, तेवढ्यापुरतं पेन उचलायचं, आणि जिथे हूं येत नाही तिथे एक ओळ कोरी सोडायची. चार दिवसांत ती पुन्हा पान-दीड पान लिहायला लागली. हेडमास्तरांनी वही पाहिली आणि डोक्याला हात लावला. त्यांचं म्हणणं, तपासणारा समजेल की पोरगी अडली, मुद्दा विसरली, आणि गुण कापेल. मी म्हटलं, वाचता येत असेल तर कापणार नाही. ते म्हणाले, बाई, त्याच्यापुढे पेपरांचा गठ्ठा असतो, तो काय बसून हुंकारा देणार आहे?

त्यांचं खोटं नव्हतं. मी मुलीला सांगितलं, ओळ सोडू नको. तिचं लिखाण पुन्हा आखडलं. मग सांगितलं, सोड. परीक्षेच्या आदल्या दिवशी ती शाळेच्या फाटकाशी माझी वाट बघत उभी होती. तिने विचारलं, "बाई, नक्की सांगा. सोडू का नको सोडू?"

प्रत्येक गोष्टीला चौकट आखणारी मी. तुला वाटेल तसं कर, म्हणाले. तिच्या वडिलांचे थांब्यावरचे शब्द मला चांगले आठवत होते, तरीही एवढंच म्हणाले. ती मान हलवून गेली.

निकाल शाळेच्या व्हरांड्यात वाचला. ती पास झाली. मराठीत फार नाही, काठापेक्षा थोडे वर गुण होते. तेवढ्यावरून तपासणाऱ्याला ती ओळ दिसली की तिने ती सोडलीच नव्हती, काही कळण्यासारखं नव्हतं. वडील रानातून तसेच आले होते, टोपी हातात. "मंग पोरगी जाईन आता आठवीले," एवढंच म्हणाले, आणि टोपी घालायची विसरून उभे राहिले.

मी मुलीला विचारलं, ओळ सोडली होतीस का? तिने सरळ उत्तर दिलं नाही. पेपरातली गोष्टच पहिल्यापासून सांगायला लागली. एक आंधळा म्हातारा होता. हूं, वडील म्हणाले. तो नातीचं बोट धरून जत्रेत गेला. हूं, आम्ही दोघं म्हणालो. गर्दीत बोट सुटलं. हूं. नात हाका मारत राहिली. हूं. म्हाताऱ्यानं हात पुढं केला आणि तसाच उभा राह्यला.

हूं, मी म्हणाले.

माझा एकटीचाच आवाज आला. वडील गप्प होते. मुलीने माझ्याकडे पाहिलं, रागाने नाही, तिची आत्या पातीत मागे राहिलेल्या बाईकडे बघत असेल तसं.

"तिथं नाई, बाई," ती म्हणाली.

तिथेच ओळ सोडली होतीस का, असं मला विचारायचं होतं. पण ती पुढच्या वाक्यावर गेली होती आणि हुंकाऱ्यासाठी थांबली होती. मी हूं म्हटलं.