कुंपणावरून आलेला दस्ता

माझ्या बायकोच्या मामांनी आयुष्यात एकही वस्तू होती तशी राहू दिलेली नाही. पुण्यातल्या एका कारखान्याच्या सुतारखात्यात पस्तीस वर्षं काढलेला हा माणूस. हाताला काम नसलं की ह्यांना कणकण येते. तीन महिन्यांच्या व्हिसावर ऑस्ट्रेलियात आमच्याकडे पॉइंट कुकला आले आणि करोनाने विमानं बंद पाडली. सगळं जग थांबलं, मामा काही थांबेनात. पहिल्या आठवड्यात पोळपाटाचा डुगडुगणारा पाय सरळ झाला, तिसऱ्या आठवड्यात डायनिंग टेबलाचे चारही कोपरे गोल झाले. एकदा मी ऑफिसच्या मीटिंगमध्ये बोलत असताना ते माझ्या खुर्चीखाली शिरले आणि काहीतरी फिरवू लागले. कॅमेऱ्यात फक्त मी हळूहळू खाली जाताना दिसत होतो. माझ्या मॅनेजरने नंतर फोन करून तब्येत विचारली.

घरातलं लाकूड संपल्यावर मामांची नजर कुंपणापलीकडे गेली. तिथे कॉलिन नावाचे ऐंशीच्या घरातले गृहस्थ एकटेच राहायचे. मामा मराठीत बोलत, ते ऑस्ट्रेलियनमध्ये, आणि दोघांचं छान जमत असे. कॉलिनच्या वडिलांची जुनी लष्करी रायफल होती, थ्री-नॉट-थ्री. लोखंडी भाग रीतसर तिजोरीत कुलूपबंद; लाकडी दस्ता तेवढा एका दुपारी कुंपणावरून आमच्याकडे आला. काळाकुट्ट, चिकट, जागोजागी पोचे आलेला. "नव्यासारखा कर, मेट!" एवढंच कॉलिन म्हणाले. हे वाक्य मामांना सांगणं म्हणजे बोक्याला दूध गरम आहे का बघ म्हणण्यासारखं होतं.

मग काय विचारता! गॅरेजमधली माझी गाडी पावसात गेली. मेधाने, म्हणजे माझ्या बायकोने, बाहेरून आलेली वस्तू म्हणून दस्त्यावर सॅनिटायझर फवारला, तेव्हा मामा असे ओरडले की तिने बाटली टाकून दिली. मामांनी आधी जुना मळ काढला. मग माझी इस्त्री गेली. पोच्यावर ओलं फडकं ठेवून गरम इस्त्री टेकवली की वाफेने दबलेलं लाकूड फुगून वर येतं, हे मला तेव्हा कळलं. "मामा, माझे शर्ट?" म्हटलं, तर म्हणाले, "जावईबापू, मीटिंगला खाली लुंगी चालते, तर वर चुरगळलेला शर्टही चालेल." शेवटी तेल. लष्करातही म्हणे जवसाचंच तेल लावत. ते त्यांनी जवळच्याच वेरिबीच्या इंडियन दुकानातून मागवलं आणि बाळाला न्हाऊ घालण्याआधी चोळावं तसं रोज तासभर तळहाताने दस्त्यात जिरवायला लागले. महिनाभर आमच्या घराला जवसाच्या चटणीचा वास येत होता आणि जेवणात चटणी काही येत नव्हती.

अशातच कॉलिनना करोना झाला. ॲम्ब्युलन्स आली, दाराशी हात हलवायलाही कुणाला जाता आलं नाही. चार दिवसांनी त्यांच्या मुलीचा पर्थहून फोन. राज्याराज्यांच्या सीमा बंद, तिला येता येत नव्हतं. "डॅड एकच विचारतायत," ती म्हणाली, "दस्त्याच्या मागच्या टोकाला बारीक दातांच्या खुणा आहेत. त्या घालवू नका म्हणावं. माझा धाकटा भाऊ रांगत होता तेव्हा त्याने चावा घेतला होता. चौथ्या वर्षी गेला तो."

हातातला चहा तसाच ठेवून गॅरेजकडे पळालो. मामा दस्ता मांडीवर घेऊन बसले होते, आणि तो आरशासारखा गुळगुळीत. एक पोचा औषधाला शिल्लक नाही! कॉलिनना आता काय तोंड दाखवायचं? "मामा, ह्याच्या मागे दातांच्या खुणा होत्या..." एवढंच कसंबसं म्हणालो.

"आहेत की," मामा म्हणाले आणि दस्ता उलटा केला. चार बारीक खळगे, होते तसे. "तेवढे सोडलेत मुद्दाम. फार देखणा झाला हो, दृष्ट लागायची. म्हटलं, असू दे तीट."

देवा रे! मी रंगाच्या डब्यावर मटकन बसलो आणि हसता हसता माझे डोळे भरून आले. त्या खुणा कुणाच्या ते सांगितलं, तेव्हा मामांनी तेलाचा हात धोतराला पुसून घेतला.

कॉलिन तीन आठवड्यांनी घरी आले, निम्मे होऊन. मास्क लावून आम्ही कुंपणाशी उभे राहिलो आणि मामांनी दोन्ही हातांनी दस्ता पलीकडे दिला. त्या झळाळीकडे कॉलिननी पाहिलंसुद्धा नाही. अंगठा सरळ मागच्या टोकाला गेला आणि तिथेच थांबला.

मामा मला म्हणाले, "विचारा त्यांना, वरचे दोन, खालचे दोन, म्हणजे दहाव्या महिन्यात असेल ना लेकरू?"

मी विचारलं. कॉलिननी मान हलवली. "दहावाच," ते म्हणाले. "त्याच्याबद्दल मला इतक्या वर्षांत कुणी काही विचारलंच नव्हतं." आणि मग, मामांना इंग्रजी कळतंय की नाही याची फिकीर न करता, ते त्याच्याबद्दल सांगायला लागले.