निघताना मागे फिरलं तर

माझी जर्मन सून आना आज सकाळी माहेरी जायला निघाली आणि जिन्यातूनच परत आली. मफलर राहिला होता. गाडीची वेळ झाली होती, तरी मफलर गळ्यात टाकून ती दाराजवळच्या स्टुलावर बसली आणि तिला येणाऱ्या चार मराठी शब्दांतले दोन वापरून म्हणाली, “आई, पाणी.”

मी बघतच राहिले. निघालेलं माणूस मागे फिरलं, तर क्षणभर बसायचं, घोटभर पाणी प्यायचं, मगच निघायचं, ही आमच्या साताऱ्याच्या घरातली रीत. हॅम्बुर्गला येताना मी देव आणले, पुरणयंत्र आणलं. लेकाकडून शुभंकरोती पाठ करून घेतली. यातलं काय टिकेल, याची धास्ती असायची. ही रीत मात्र मी कुणाला शिकवलीच नव्हती. मी आपली बसायचे, लेक बघायचा. आता तोही बसतो.

“अगं, गाडी चुकेल!”

“पुढची मिळेल,” पाणी पिऊन ती जर्मनमध्ये म्हणाली. “परवा माझी आई चष्मा विसरून परत आली, तर तिलाही मी बसवलं. आता तिने दाराशी खुर्चीच ठेवलीय.”

माझी आई उभ्या जन्मात साताऱ्याबाहेर फारशी पडली नाही. आणि तिची रीत बघा, कुठे जाऊन बसली!