दाजी, गाडी तुम्ही तापवलीत

ताईचा फोन आला तेव्हा मी वडखळच्या पुढे गाडी बाजूला घेऊन टायरची हवा बघत होतो. "नाम्या, हे गेले रे," एवढंच ती म्हणाली आणि रडायला लागली. मी तिला काय बोललो ते आठवत नाही. बहिणीचा नवरा गेल्यावर भाऊ जे बोलतो ते बोललो असेन. पण फोन ठेवल्यावर मनात पहिला विचार आला तो हा, की आता हा माणूस ते वाक्य कधीच बोलणार नाही. माझ्या बहिणीचं कुंकू गेलं होतं आणि मी एका वाक्याचा हिशेब करत बसलो होतो. वाक्य साधं होतं. "इंजिन नाम्याने जाळलं नाय, माझ्यामुळे जळलं." हे त्यांनी माझ्या वडिलांना सांगायला हवं होतं. वडील असेपर्यंत सांगितलं नाही, वडील गेल्यावर चारचौघांतही सांगितलं नाही...

गेलेल्या माणसाबद्दल वाईट बोलू नये म्हणतात. बोलू नये तर नये, पण मग दाजींच्या आठवणींच्या पुस्तिकेसाठी माझ्याकडे लेख मागायचा नव्हता. दाजींबद्दल गोड बोलणारे त्यांच्या गावात, वरशात, पुष्कळ आहेत. कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट, तोंडात पान, सगळ्यांशी हसून बोलणं, कुणाच्या लग्नात मांडव घालण्यापासून पंगत वाढण्यापर्यंत पुढे. माझ्या ताईला त्यांनी कधी दुखवलं नाही, हेही लिहून ठेवतो. माझं भांडण त्या माणसाशी नव्हतंच. माझं भांडण होतं आमच्या घरातल्या जावयाशी.

गाडी बाबांची. जुना ट्रक, आमच्या पेणच्या घरासमोर उभा राहिला की अर्धा रस्ता अडायचा. भाताची पोती, विटा, कोंडा, जे मिळेल ते भरायचं. बाबांचे गुडघे गेले तेव्हा स्टिअरिंग माझ्या हातात आलं आणि कारभार दाजींच्या. का, तर ते जावई. आमच्याकडे जावई आला की कोंबडीची तंगडी त्याच्या ताटात पडते, हे ठीक आहे, तंगडीला माझी हरकत नव्हती. पण जावई बोलला की ते शेवटचं, हे मला कधी पचलं नाही. ट्रकच्या कुठल्या बोल्टला कुठला पाना लागतो हे ज्याला माहीत नाही, त्याने गाडीला काय झालंय ते सांगायचं आणि आम्ही माना डोलवायच्या. मी काही बोललो तर बाबा म्हणायचे, "जावई हाय तो. त्याचा शबुद खाली पडता कामा नये." ताई मध्ये बोलायला गेली की तिलाही, "तू गप ऱ्हा गो."

एका पावसाळ्यात गाडीच्या टेंपरेचरचा काटा नाचायला लागला. सपाटीवर बरोबर मध्ये उभा, जरा चढ लागला की सरसर वर, मग मध्येच खाली, पुन्हा वर. सतत वरच राहिला असता तर माणूस गाडी उभी करून मोकळा होतो. हा वरखाली होणारा काटा वाईट. मी फॅनबेल्ट बघितला, ताणलेला होता. रेडिएटरच्या जाळीत पेंढ्याचा चुरा बसला होता, तो पाण्याने मागून धुऊन काढला. थर्मोस्टॅट, म्हणजे तापल्यावर उघडून पाणी सोडणारी झडप, काढून घरी आणला आणि चुलीवर टोपात पाणी तापवून त्यात सोडला. बायको म्हणाली, "आता ह्याची आमटी करायची काय?" पाणी तापल्यावर तो व्यवस्थित उघडला, तोही निर्दोष. काट्याची वायर घासून लावली. काटा नाचायचा तो नाचतच राहिला.

मला झाकणापर्यंत पोचायला वेळ लागला याचं कारण दाजी. रेडिएटरचं झाकण हे त्यांचं खातं होतं. प्रत्येक मुक्कामाला ते खाली उतरायचे, ओलं गोणपाट हातावर गुंडाळायचे आणि झाकण उघडून बाटलीने पाणी ओतायचे, देवाला अभिषेक घातल्यासारखे. दुसऱ्या कुणी हात लावला तर चालायचं नाही. वर पाणी ओतून झालं की माझ्याकडे बघून म्हणायचे, "तू गाडी रेटतोस. म्हनून तापते." लोडचे पैसे घेताना गाडी त्यांची, तापली की चालवणारा मी. चोराच्या उलट्या बोंबा!

गणपतीच्या आधी पेणहून मूर्ती भरायचं काम आमच्याकडे ठरलेलं असायचं. त्या खेपेला रोह्याला पोचवायच्या मूर्ती होत्या, शाडूच्या. प्रत्येक मूर्तीभोवती पेंढा दाबून बसवायचा, मध्ये इंचभर मोकळं राहू द्यायचं नाही. ते काम दाजी फार मन लावून करायचे, मान्य. गाडीत ते माझ्या शेजारी बसले. नागोठणं सोडलं आणि भिसे खिंडीच्या पायथ्याला काटा लालला टेकला. मी म्हटलं, "दाजी, थांबूया. थंड होऊ दे."

"देव बसलेत मागं. चल. उतरंल आपोआप."

आणि खरंच उतरला. अर्ध्या चढावर काटा एकदम खाली आला, पार तळाला. दाजी मांडीवर थाप मारून म्हणाले, "बगितलंस? उतरला ना?" पण इंजिन तापलेलं असताना काटा असा एकदम पडतो तेव्हा थंड झालेलं काही नसतं. काट्याला जिथून खबर मिळते तिथपर्यंत पाणीच उरलेलं नसतं. "दाजी, पानीच संपलंय," मी म्हटलं. ते म्हणाले, "गप चालव." आमच्या घरात जावयाने चालव म्हटल्यावर ब्रेक मारायची रीत नव्हती. पुढच्या वळणावर इंजिनातून लोखंड घासल्याचा आवाज आला आणि सगळं बंद पडलं. मूर्ती दुसऱ्या गाडीत भरून वेळेवर रोह्याला गेल्या. देवाचं काही बिघडलं नाही.

घरी आल्यावर मी तोंड उघडायच्या आधी दाजींनी बाबांना सांगितलं, "थांब म्हनलं तं ऐकला नाय. रेटली." मी बाबांना काय काय सांगितलं, हातवारे करून सांगितलं, पण ते माझ्याकडे बघेचनात. त्यांनी हात पुढे केला. मी चावी दिली. ती चावी त्यांनी माझ्यासमोर दाजींच्या हातात ठेवली. बाबांनी मला मारलं असतं तर चाललं असतं. त्या घरात मी गाडीवर वाढलो होतो आणि त्या दिवसापासून मी गाडी जाळणारा पोरगा झालो.

मग मी रोह्याला कंपनीची बस चालवायला लागलो. ट्रकचं इंजिन नवं बांधलं, दुसरा ड्रायव्हर ठेवला आणि काटा पुन्हा नाचायला लागला. एकदा रोह्याच्या बाजारात गाडी उभी दिसली, दाजी आणि ड्रायव्हर कुठे चहाला गेले होते. इंजिन थंड होतं. मी गोणपाट न घेता सरळ झाकण उघडलं. ते आमच्या गाडीचं नव्हतंच. कुठल्या तरी टेम्पोचं, लहान, खाली ट्यूब कापून रबराची चकती बसवलेली. गाडीच्या मूळ झाकणाला आत स्प्रिंग असते, ती पाणी दाबून धरते, म्हणून पाणी सहज उकळत नाही. दाबच नसला की चढावर पाणी उकळतं, वाफ होऊन निघून जातं, आत हवा फिरायला लागते, आणि काट्याला कधी पाणी लागतं, कधी वाफ. एवढ्याशा झाकणाने माझी गाडी घेतली होती.

मी दुकानातून बरोबर झाकण आणून बसवलं आणि दाजींची वाट बघत बंपरवर बसलो. ते आले. मी जुनं झाकण त्यांच्यापुढे धरलं. त्यांनी पान थुंकलं. "आपलं झाकन बंपरवर ठेवलेलं. पडलं कुठंतरी आमटेमकडं. मंग काय गाडी उभी ठेवू?"

"बाबांना सांगा."

"आता कशाला उकरतोस? मान खाली जाईल माजी."

त्या दिवसानंतर काटा हलला नाही, हे त्यांनी रोज बघितलं असणार. मी बाबांना स्वतः जाऊन सांगितलं. ते तेव्हा अंथरुणाला खिळले होते. म्हणाले, "जावयाच्या डोक्यावर खापर फोडू नको." म्हणजे हे जावयाच्याच तोंडून यायला हवं होतं. दाजी भेटायला आले तेव्हा मी दारात उभा राहिलो, मुद्दाम, त्यांना दिसेन असा. ते बाबांच्या उशाशी बसले. आंब्याला मोहोर कसा आहे ते बोलले, भाताचा भाव बोलले, बाबांचे पाय चेपून दिले. माझ्याकडे एकदा बघितलं आणि पुन्हा आंब्यावर गेले. त्याच आठवड्यात बाबा गेले. माझ्याबद्दल जे मनात होतं ते घेऊनच गेले.

पुढे दाजींना छातीचा त्रास सुरू झाला आणि गाडी परत माझ्याकडे आली, न बोलता, न सांगता. शेवटचं भेटायला गेलो तेव्हा ते ओटीवर खुर्चीत बसले होते, शर्टात दुसरा माणूस मावेल इतके बारीक झालेले. मला वाटलं, आज बोलतील. ते म्हणाले, "गाडी तापत तं नाय ना?" मी म्हटलं, "नाय." ते म्हणाले, "बरं." बस. कीव यायला हवी होती, राग आला...

दहाव्याला कुंडलिकेच्या काठी पिंड ठेवला. कावळे झाडावर बसलेले, एकही खाली येईना. जमलेले लोक एकेक बोलू लागले. ताई म्हणाली, घर नीट चालवीन. दाजींचे चुलते म्हणाले, वर्षश्राद्ध करू. कावळे ढिम्म. मग चुलते माझ्याकडे वळले. "नाम्या, तू बोल कायतरी. गाडी सांभाळीन म्हन. त्याचा जीव व्हता गाडीत."

मी पुढे झालो, हात जोडले आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हटलं, "दाजी, झाकन तुमी बदललेलंत. इंजिन मी जाळलं नाय. तिकडं बाबा भेटतील. आता तरी सांगा त्यांना."

चुलत्यांनी माझा दंड धरला, मी सोडवून घेतला आणि रस्त्याकडे चालायला लागलो. मागून ओरडा आला, "शिवला! शिवला!" मी वळून बघितलं नाही. कावळ्याला भूक लागली असेल, दुसरं काय.

गाडीपाशी ताई आली, अनवाणी, धापा टाकत. "नाम्या, खरं हाय?"

"व्हय."

"मला कंदी बोलला नायस."

"तुज्या नवऱ्याचं तुला काय सांगू, ताई?"

तिने पदराने तोंड पुसलं आणि ती परत नदीकडे गेली. तिच्याशी मी त्यानंतर त्या विषयावर बोललो नाही. दाजींना मी माफ केलेलं नाही, करेन असं वाटतही नाही. पण सकाळी गाडीत पाणी बघायला बॉनेट उघडतो आणि आजूबाजूला कुणी नसलं की अजून तोंडातून निघून जातं, "काय दाजी, सांगितलंत काय बाबांना?"