नाळेतल्या पेशी

संशोधनासाठी नाळ मागायला गेले, तेव्हा बाळंतीण लगेच हो म्हणाली. तिच्या सासूबाईंनी मात्र विचारलं, “आमच्यात नाळ पुरतात. तुम्ही काय करणार तिचं?”

“तिच्या रक्तवाहिनीच्या आतल्या अस्तराच्या पेशी सोडवून त्या वाढवणार.”

“जगल्या तर सांगा हो.”

आज चौथ्या दिवशी सूक्ष्मदर्शकातून पाहिलं. आधी सुट्या तरंगणाऱ्या पेशी आता बशीच्या तळाला धरून, फरशांसारख्या एकमेकींना खेटून बसल्या होत्या. चहूकडून शेजार लाभला की या पेशी वाढायच्या थांबतात. मला बाई हा समाधानी स्वभाव फार आवडतो.

घरी निघालेल्या सासूबाईंना जिन्यात गाठून म्हटलं, “रुजल्या!”

नातीचं दुपटं सारखं करत त्या म्हणाल्या, “मग पाणी घालायला विसरू नका.”

पेशींचं पोषक पाणी आजच बदलायचं होतं. मी लगबगीने वर प्रयोगशाळेत आले.