माईंचं प्रस्थान

कोणी परदेशी निघालं की हल्ली मला विचारतात, तयारी काय करू? मी त्यांना यादी देत नाही, किस्से सांगते. काशीतल्या दूधविनायकच्या आमच्या गल्लीत नव्वदच्या दशकात ते इतके साठले की कुठून सुरुवात करावी कळत नाही. कारण सोपं आहे. गल्लीतलं एकही माणूस विमानात बसलेलं नव्हतं, आणि सल्ला द्यायला मात्र प्रत्येकजण मोकळा होता.

या सगळ्यांचे पुढारी भाऊकाका, रेल्वेतून रिटायर झालेले. त्यांचा परदेश म्हणजे काठमांडू, तोही बसने. आणि निघायचं होतं शेजारच्या माईंना. माई एकट्या, नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली. एकुलती एक मुलगी सुमन अमेरिकेत. दोनदा तिचं मूल पोटातच गेलं होतं, आता तिसऱ्यांदा दिवस राहिले होते. 'आई, या वेळी तू जवळ हवीस,' एवढंच तिने पत्रात लिहिलं होतं. होळीच्या सुमाराला बाळंत व्हायची होती, म्हणजे हाताशी आठ महिने होते. मी मुलींच्या शाळेत इंग्रजी शिकवायचे, म्हणून फॉर्म भरायचं काम माझ्याकडे आलं. बाकी सगळं भाऊकाकांनी आपल्याकडे घेतलं.

*

पासपोर्टच्या चौकशीला शिपाई आला तेव्हा माई घाटावर स्नानाला गेल्या होत्या. त्याने भाऊकाकांनाच गाठलं आणि विचारलं, मालती देवी कुठे राहतात?

चाळीस वर्षांचा शेजार! पण गल्लीत त्यांना जो तो माई म्हणायचा. भाऊकाकांनी छातीठोकपणे सांगितलं, "इस नाम की यहाँ कोई नहीं रहती. हम सबको जानते हैं."

शिपायाने तसं लिहून नेलं. ते निस्तरायला तीन महिने गेले. भाऊकाकांचं म्हणणं, चूक माईंचीच होती. स्वतःचं नाव माणसाने लोकांना सांगून ठेवायला नको?

*

पुढे कोणीतरी सांगितलं की तिकडच्या विमानतळांवर जिने चालतात. झालं! माईंना सराव हवा, असं ठरलं. बनारसमध्ये तेव्हा चालता जिना कुठून आणायचा?

भाऊकाका त्यांना शिंदे घाटावर घेऊन गेले. मल्लाहाला म्हणाले, नाव हळूहळू चालू ठेव. मग माईंनी पायरीवरून चालत्या नावेत पाय टाकायचा. एक पाय नावेत गेला, दुसरा पायरीवर राहिला, आणि नाव आपल्या वाटेने निघाली.

माई कमरेपर्यंत भिजून घरी आल्या. भाऊकाकांनी गल्लीत जाहीर केलं की पहिल्या दिवसाच्या मानाने प्रगती चांगली आहे.

*

सामानाचं तर विचारू नका. बॅगेला बत्तीस किलोची परवानगी होती. गल्लीतल्या ज्याचा कोणी समुद्रापलीकडे होता तो पुडकं घेऊन आला. मेतकूट, सांडगे, डिंकाचे लाडू. भाऊकाकांनी पुतण्यासाठी गंगाजलाचा पाच लिटरचा डबा आणला. पुतण्या माईंच्या लेकीपासून विमानाने चार तासांवर राहतो हे त्यांना मान्य नव्हतं. देश तर एकच ना, म्हणाले.

लाकडाच्या वखारीत नेऊन बॅग तोलली. एक्केचाळीस किलो भरली, आणि माईंचे कपडे अजून बाहेरच होते.

भाऊकाकांनी शांतपणे तोडगा काढला. "माई, साड्या एकावर एक नेसून जा. तिकडे थंडी पण असतेच."

मी तो डबा बाहेर काढला. त्यावर भाऊकाका माझ्याशी आठवडाभर बोलले नाहीत. त्या आठवड्यात तयारी झपाट्याने पुढे गेली.

*

मुलाखतीची तालीमही झाली. भाऊकाका खुर्चीवर अधिकारी, माई समोर उभ्या. परत येणार याचा पुरावा काय, असा पहिला प्रश्न त्यांनी विचारला. वकिलातीत हेच विचारतात म्हणे.

माई म्हणाल्या, "काशीत मरायचं सोडून मी तिकडे कशाला राहीन?"

भाऊकाका भडकले. शुभकार्याला निघताना मरणाचं नाव! हे अजिबात बोलायचं नाही, फक्त बँकेचं पुस्तक पुढे करायचं.

पुढे दिल्लीत खऱ्या अधिकाऱ्याने विचारलं तेव्हा घाबरून माईंच्या तोंडून नेमकं तेच निघालं. दुभाष्याने ते इंग्रजीत सांगितलं. अधिकारी हसला आणि व्हिसा देऊन मोकळा झाला. भाऊकाकांच्या सगळ्या तालमीतून उपयोगी पडलं ते हे एकच वाक्य.

*

पण दिल्लीला त्या पोचल्या कशा, ते ऐका.

पासपोर्ट हातात आला मार्गशीर्षात. मी तेव्हा भावाकडे गेले होते. पुढे पौष लागतो, तो प्रवासाला वाईट, म्हणून भाऊकाकांनी आधीच्या मुहूर्तावर प्रस्थान ठेवायचं ठरवलं. म्हणजे स्वतःला निघता येत नसेल तर आपली एखादी वस्तू जायच्या दिशेला दुसऱ्याच्या घरी नेऊन ठेवायची, की प्रवास सुरू झाला. लोक सुपारी ठेवतात, तांदूळ ठेवतात. प्रस्थान दोन-चार दिवसांचं असतं, असं माझे वडील सांगत. भाऊकाकांनी ते दोन महिन्यांचं केलं, आणि सुपारीबरोबर फडक्यात पासपोर्ट बांधला!

अमेरिका पश्चिमेला. म्हणून गठडी गेली गल्लीच्या पश्चिम टोकाला, भाऊकाकांच्या वहिनींकडे. व्हिसाचं काय? भाऊकाकांच्या मते मुलाखत नुसती तोंडी, शिक्का मारतात तो विमानतळावर उतरल्यावर; काठमांडूच्या बसमध्ये तर कोणी पासपोर्टही विचारला नव्हता.

मी परत आल्यावर मुलाखतीची तारीख घेतली आणि आदल्या रविवारी माईंकडे पासपोर्ट मागितला. त्या म्हणाल्या, "तो तर निघाला."

वहिनींच्या दाराला कुलूप. वहिनी माघी पौर्णिमेपर्यंत प्रयागला, संगमावर राहून स्नानं करायच्या कल्पवासाला, किल्ली कमरेला; मेळ्याच्या गर्दीत त्यांना शोधणार कुठे? मी म्हटलं, कुलूप तोडा. गल्ली विचार करायला बसली. प्रस्थान कुलूप तोडून उचललेलं चालतं का? दोन दिवस पोथ्या उलटल्या, आणि दिल्लीची गाडी माईंना न घेता गेली. पुढची तारीख मिळाली माघी पौर्णिमेनंतरची.

वहिनी आल्या, माईंनी गठडी उचलली, दिल्ली झाली. व्हिसा घेऊन त्या गल्लीत परत आल्या तेव्हा तिकिटाला दहा दिवस होते. त्यांनी आपल्या पायरीवर पाय ठेवला आणि भाऊकाका आडवे आले. "माई, प्रस्थान उचललंय. आता घरात गेलात तर प्रवास मोडतो."

म्हणून माई माझ्याकडे राहायला आल्या. समोर चाळीस पावलांवर त्यांचं घर, आणि तुळशीला पाणी घालायला मी जायची. मला संताप आवरेना. मी म्हटलं, हा निव्वळ मूर्खपणा आहे, तुम्ही आपल्या घरी जा.

"तू म्हणतेस ते खरं असेल," माई म्हणाल्या. "पण दोनदा गेलंय ग तिचं. मी कशाला विषाची परीक्षा घेऊ?"

मी तांब्या घेऊन त्यांच्या तुळशीकडे निघाले.

सहाव्या दिवशी सकाळी कोपऱ्यावरच्या पीसीओत जावयांचा फोन आला. मुलगी झाली, दिवस भरायच्या आधीच. दोघी सुखरूप. माई रिसीव्हर धरून नुसत्या मान हलवत होत्या. बाहेर अर्धी गल्ली उभी, पुढे भाऊकाका. मग सुमन फोनवर आली. तिचा थकलेला आवाज मला शेजारी उभं राहून ऐकू आला.

"आई, तू कुठे आहेस ग?"

माईंनी काचेतून भाऊकाकांकडे पाहिलं. मग त्यांच्यामागे दिसणाऱ्या आपल्या बंद दाराकडे पाहिलं.

"निघालेय ग बाळ," त्या म्हणाल्या. "वाटेतच आहे."