न जन्मलेल्याचा वाटा

आमच्या फॅरो बेटांवर देवमाशांचा कळप खाडीत शिरला की हातातलं काम टाकून अख्खं गाव किनाऱ्याला धावतं. शिकारीचं मांस विकायचं नसतं, घरातली डोकी मोजून वाटायचं असतं. त्या वर्षी वाटणी माझ्याकडे होती. शेजारीण सुन्वा पदर खोचल्यासारखी माझ्यापुढे उभी राहिली.

"हानुस, माझी तीन डोकी धर."

"तीन? तू आणि तुझी मारयुन. तिसरं कोण, मांजर?"

"तुझ्या जिभेला काही हाड? लेकीला सातवा लागलाय. पोटातलं बाळ फॅरोचं नाही का?"

असला वाटा मागणारी मी पहिलीच पाहिली. पण तिच्या तोंडी कोण लागणार! दिला. पलीकडे परदेशी मंडळी 'कत्तल थांबवा'चे फलक धरून उभी होती. सुन्वानं त्यांच्या कॅमेऱ्यासमोर देवमाशाच्या खारवलेल्या चरबीचा तुकडा चघळला आणि ठणकावलं, "आमच्या ताटात काय वाढायचं ते तुमची सरकारं ठरवणार? हे खाऊनच आम्ही फॅरोचे झालो!" अभिमानानं माझा ऊर भरून आला.

मांस पोचवायला तिच्या घरी गेलो, तर मारयुन म्हणाली, "आई, मी नाही खाणार. त्यात पारा असतो. बाळाच्या मेंदूला बाधतो. हे परक्यांनी नाही, आपल्याच डॉक्टरांनी सांगितलंय."

सुन्वाचा चेहरा उतरला. "तू पोटात होतीस तेव्हा मी रोज खाल्लं गं," एवढंच ती म्हणाली.

मला काही चैन पडेना. ही लेकीशी भांडणार की अबोला धरणार? आणि त्या तिसऱ्या वाट्याचं काय? रविवारी दुपारी मीठ मागायच्या निमित्तानं डोकावलो. टेबलावर उकडलेले बटाटे आणि साधा कॉड मासा. दोघींच्या ताटात तेच.

"काय गं, तूसुद्धा?"

"ते परदेशी नको म्हणाले तर मी दोन घास जास्तच खाईन," सुन्वा म्हणाली. "पण ही समोर बसून बटाटे गिळणार, आणि मी एकटी मटकावणार? घशाखाली उतरेल का?"

"आणि बाळाचा वाटा?"

"खारवून ठेवलाय. खायचं की नाही, त्याचं ते ठरवेल."

"तोवर टिकतंय होय?"

तिनं लेकीच्या ताटात माशाचा आणखी एक तुकडा वाढला. मग मिठाची वाटी माझ्या हातात देत हळूच म्हणाली, "हे कुणाला सांगशील तर याद राख. त्या कॅमेरेवाल्यांना तर मुळीच नाही."