पाण्याच्या डब्यांना हार

पत्र्याचे सांधे जोडायला डाख देताना जळणाऱ्या राळेचा वास आला, की मी पुन्हा मलकापुरात, लोणच्याच्या कारखान्यातला कारकून होतो. रंगूनची आमची पहिलीच मागणी होती, आणि पहिले डबे आगगाडीत चढवायला मोठे साहेब येणार म्हणून घाई मीच केली होती. डब्यांना डाख देणारे म्हातारे मियाँ मात्र अडून बसले. "बाबूजी, लोणचं अजून उफाळून राह्यलं. आज तोंड बंद केलं तं जहाजात डबे फुटतीन." "मंग साहेबाले काय दाखवू? माही नोकरी जाईन!" "साहेब काय चाखून पाह्यते? दोन डब्यांत पाणी भरून डाख देतो." साहेबांनी नळगंगा नदीच्या त्या पाण्याला हार घातले, वऱ्हाडी कैरीच्या जागतिक भवितव्यावर तासभर बोलले आणि टाळ्या घेऊन गेले. लोणचं बरण्यांत कापडी दादऱ्याखाली महिनाभर मुरलं, मगच मियाँनी खरे डबे बंद केले. रंगूनला एकही डबा फुगला नाही. दुसरी मागणी आली, माझी नोकरी राहिली. पुढे निर्यातीवर भाषणं करून मीही पुष्कळ हार घेतले. दर वेळी वाटतं, पहिला हार मियाँच्या गळ्यात पडायला हवा होता, तो पाण्याला गेला. बाकीचे मी त्यांच्या वतीने घेतो.